शब्दचर्चा : रिलेमध्ये बॅटन ‘बदलतं’, ‘दिलं जातं’ की ‘हस्तांतरित’ होतं?

(प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

धावती टीप

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधल्या महिलांच्या ४ × १०० मीटर रिलेवर मराठीत लेख लिहायचा आहे. प्राथमिक फेरीत अमेरिकेची ॲलिसन फेलिक्स बॅटन (धावपटू पुढचीच्या हाती देत नेतात ती नळी) देण्याच्या बेतात असताना शेजारच्या लेनमधल्या ब्राझीलच्या धावपटूचा तिला धक्का लागला आणि तिची सहकारी इंग्लिश गार्डनर हिच्या हाती पोहोचण्याआधीच बॅटन पडलं. हे लिहिताना तीन ठिकाणी अडतं आहे. एक, बॅटन एकीकडून दुसरीकडे जाण्याला, म्हणजे ‘एक्स्चेंज’साठी वर्तमानपत्रांत ‘बॅटन बदल’, ‘बॅटनचे हस्तांतरण’ आणि ‘बॅटनची देवाणघेवाण’ असे तिन्ही प्रयोग दिसतात. त्यांतला कोणता घ्यावा? दोन, बॅटन जिथे द्यायचं-घ्यायचं त्या लेनच्या भागाला, ‘टेकओव्हर झोन’ला, काय म्हणावं? तीन, ‘बॅटन पडल्याने संघ बाद झाला’ हे वाक्य बरोबर आहे का?

चुन्याची रेषा

‘देवाणघेवाण’ आधी बाजूला ठेवा. तिच्यात दोन्ही बाजूंनी काहीतरी दिलं-घेतलं जातं, इथे एकच वस्तू एकाच दिशेने जाते. ‘बॅटन बदल’ तर अर्थाच्या विरुद्ध जातो. सुरुवातीला हातात घेतलेलं बॅटनच शेवटच्या रेषेपर्यंत न्यायचं, हा या शर्यतीचा पाया आहे. बदलते ती धावपटू. ‘हस्तांतरण’ चुकीचं नाही, पण तो जमिनीच्या व्यवहारातला शब्द आहे. नियमावलीच्या भाषांतरात चालेल. तीन-साडेतीन सेकंदांत घडणाऱ्या गोष्टीच्या वर्णनात तो वाक्याचा वेग मारतो.

वर्णनात नामापेक्षा क्रियापद वापरावं असं मला ठामपणे वाटतं. ‘फेलिक्सने दिलं’, ‘गार्डनरने घेतलं’. ही दोन क्रियापदं वेगळी ठेवण्याचा फायदा म्हणजे चूक कोणाकडून झाली हे वाक्यातच कळतं. देणारीच्या चुका वेगळ्या असतात : हात फार लवकर पुढे काढणं (त्याने तिचाच वेग कमी होतो), हाक उशिरा देणं, तळव्याचा नेम चुकणं. घेणारीच्या वेगळ्या : येणारी ठरलेल्या खुणेवर पोहोचण्याआधी सुटणं, उशिरा सुटणं, मागे धरलेला हात स्थिर न ठेवणं, मान वळवून पाहणं. ‘हस्तांतरणात गोंधळ झाला’ म्हटलं की हा सगळा तपशील एका शब्दाखाली गाडला जातो.

अक्षरओळ

शीर्षकाला नाम लागतंच. ‘खांदेपालट’ आपल्याकडे रुळलेला आहे, त्याच धर्तीवर ‘हातपालट’ का नको? बॅटन एका हातातून दुसऱ्या हातात जातं, अर्थ लगेच लागतो.

आठवी लेन

‘हातपालट’ कानाला छान लागतो, पण या शर्यतीत तो नेमका नको तोच अर्थ देईल. एकाच धावपटूने बॅटन उजव्या हातातून डाव्या हातात घेणं, असा कोणीही अर्थ लावेल. आणि ४ × १०० मध्ये नेमकं तेच टाळलेलं असतं, कारण पूर्ण वेगात बॅटन स्वतःच्या हातांत फिरवताना हातांची लय तुटते आणि ते निसटण्याचा धोका वाढतो.

म्हणून प्रचलित रचना अशी असते : पहिली उजव्या हातात बॅटन घेऊन सुटते, दुसरी डाव्या हाताने घेते, तिसरी उजव्या, चौथी डाव्या. पहिला आणि तिसरा टप्पा वळणावर असतो. उजव्या हातात बॅटन असलं की धावपटू लेनच्या आतल्या कडेला चिकटून धावू शकते आणि पुढची बाहेरच्या अर्ध्या भागात उभी राहते. दुसरी तिसरीला देते तेव्हा उलट, देणारी बाहेरून येते, घेणारी आतल्या बाजूला असते. लेखात ‘आतून आली’, ‘बाहेरून आली’ लिहिताना हे लक्षात ठेवा. ते लेनच्या आतलं आत-बाहेर आहे. वाचक ते मैदानाचं समजतो.

४ × ४०० मध्ये मात्र बॅटन घेतल्यावर हात बदलणारे धावपटू सर्रास दिसतात. तिथे ‘हातपालट’ त्या कृतीसाठी राखून ठेवता येईल.

नाम हवंच असेल तर ‘बॅटन-सोपवणी’ घ्या.

पाटी

खो-खोतला ‘खो’ कोणालाच सुचला नाही? पाठमोऱ्या गड्याला मागून येणारा गडी खो देतो, घेणारा वळून पाहत नाही. ‘फेलिक्सने गार्डनरला खो दिला’ हे शाळकरी मुलालाही समजेल.

चुन्याची रेषा

समजेल, पण चुकीचं समजेल. खो मिळाल्याशिवाय बसलेल्या गड्याने उठायचंच नाही. रिलेत घेणारी बॅटन मिळण्याआधीच सुटते आणि ते हातात येईपर्यंत वीस-पंचवीस मीटर धावलेली असते. सगळं कौशल्य तिथेच आहे. खो म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे थांबलेली धावपटू येईल.

ती केव्हा सुटते? लेनमध्ये चिकटपट्टीची एकच खूण करायला परवानगी असते, जास्तीत जास्त ५ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांब. आपल्या जागेपासून मागे पावलाला पाऊल लावून मोजायचं आणि तिथे पट्टी चिकटवायची. साधारण वीस ते तीस पावलं, जोडीच्या वेगानुसार. येणारी धावपटू त्या पट्टीवर आली की मागे न पाहता पूर्ण जोर लावून सुटायचं. पट्टी प्रमाणापेक्षा दूर पडली तर घेणारी लवकर सुटते आणि येणारी तिला गाठू शकत नाही. फार जवळ पडली तर येणारी तिच्या अंगावर जाते. सरावात दुरुस्ती अर्ध्या-एका पावलाने करतात. मैदानावर याला सगळे ‘चेकमार्क’च म्हणतात, लेखात ‘सुटण्याची खूण’ पुरेसं आहे.

आठवी लेन

दुसऱ्या प्रश्नाकडे. ‘टेकओव्हर झोन’साठी मी ‘सोपवणीचा पट्टा’ लिहीन. ‘क्षेत्र’पेक्षा ‘पट्टा’ बरा, कारण ती लेनमधली मोजकी लांबी आहे. पण कोणत्या वर्षाची शर्यत आहे ते आधी बघा. आता ४ × १०० मध्ये हा पट्टा ३० मीटरचा आहे : टप्प्याच्या रेषेच्या आधी २० मीटर आणि पुढे १०. २०१८ च्या हंगामाआधी पट्टा २० मीटरचा होता आणि त्याच्या मागे १० मीटर नुसतं वेग घ्यायला मिळत. तिथे बॅटन देता येत नसे. रिओ २०१६ चं आहे, म्हणजे तुमच्या लेखात ‘३० मीटरचा पट्टा’ असं लिहिलंत तर ते चूक ठरेल.

आणखी एक. पट्ट्याच्या आत की बाहेर, हे बॅटनच्या जागेवरून ठरतं. धावपटूच्या पायावरून किंवा धडावरून नाही. घेणारीचा स्पर्श झाला की सोपवणी सुरू होते आणि बॅटन फक्त तिच्या हातात राहिलं की पूर्ण होते. म्हणून ‘तिने रेषा ओलांडली’ असं न लिहिता ‘बॅटन पट्ट्याबाहेर गेलं’ लिहावं. २००४ च्या अथेन्स अंतिम शर्यतीत अमेरिकेच्या मॅरियन जोन्स आणि लॉरिन विल्यम्स यांच्यात हेच झालं : विल्यम्स लवकर सुटली, जोन्सचा हात पोहोचेना, आणि बॅटन मिळालं तोवर पट्टा संपला होता. सुवर्ण जमैकाने ४१.७३ सेकंदांत घेतलं.

अक्षरओळ

बॅटनचं लिंग? ‘बॅटन पडला’ आणि ‘बॅटन पडलं’ दोन्ही वाचनात येतं.

धावती टीप

मी नपुंसकलिंगी घेतलं आहे, ‘बटण’सारखं. एका लेखात एकच लिंग ठेवलं की झालं.

चुन्याची रेषा

ठीक. आता तिसरा प्रश्न, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. ‘बॅटन पडल्याने संघ बाद’ हे सरसकट लिहू नका. नुसतं बॅटन पडल्याने संघ बाद होत नाही. ज्या धावपटूच्या हातून पडलं तिनेच ते उचलायचं. त्यासाठी लेन सोडली तरी चालते. मात्र कापायचं अंतर कमी होता कामा नये आणि दुसऱ्या कोणाला अडथळा होता कामा नये. महिलांच्या शर्यतीत एवढी पडझड झाल्यावर पुढे येणं अशक्यप्राय असतं, म्हणून अनेक संघ तिथेच थांबतात. त्याला ‘शर्यत अपूर्ण’ म्हणावं. बर्लिन १९३६ ला जर्मनीच्या मारी डॉलिंगरकडून शेवटच्या टप्प्यासाठी घेताना इल्से डोर्फेल्टच्या हातून बॅटन पडलं. जर्मनी तेव्हा आघाडीवर होती, आणि प्राथमिक फेरीत तिने ४६.४ सेकंदांचा विश्वविक्रम केलेला होता. सुवर्ण अमेरिकेला ४६.९ मध्ये मिळालं. तिथेही ‘बाद’ नको. ‘बाद’ किंवा ‘अपात्र’ हा पंचांचा निर्णय असतो.

रिओत हा फरक निर्णायक ठरला. अमेरिकेने पडलेलं बॅटन उचलून शर्यत पूर्ण केली आणि मग आक्षेप घेतला. अडथळा झाल्याचं मान्य होऊन ब्राझील अपात्र ठरलं.

पाटी

‘लेग’साठी ‘टप्पा’ ठीक वाटतो. पण ‘प्रत्येकीने १०० मीटर धावायचं’ हे वाक्य मराठी लेखांत नेहमी असतं. ते बरोबर आहे का?

आठवी लेन

स्थूलमानाने बरोबर, प्रत्यक्षात नाही. आजच्या पट्ट्यानुसार पहिलीला जास्तीत जास्त ११० मीटर धावावं लागू शकतं, दुसरी-तिसरीला १३० पर्यंत, शेवटचीला १२० पर्यंत. प्रशिक्षक कोणाला कुठे उभं करायचं ते यावरून ठरवतात : सुटायला चपळ आणि वळणावर चांगली ती पहिली, वेग लांबवर टिकवणारी दुसरी, वळणावर धावू शकणारी आणि घेण्या-देण्यात दोन्हीकडे भरवशाची ती तिसरी.

तीन धावपटूंना वेगात असताना बॅटन मिळतं, म्हणून चौघींच्या एकेकटीच्या १०० मीटरच्या वेळांच्या बेरजेपेक्षा वेळ कमी लागतो. लंडन २०१२ चा ४०.८२ सेकंदांचा विश्वविक्रम चारने भागा : १०.२०५. एकटीचा १०० मीटरचा विश्वविक्रम १०.४९ आहे. शिवाय देणारी-घेणारीचे हात पूर्ण ताणलेले असताना मध्ये सुमारे एक मीटर अंतर असतं. तेवढं अंतर कोणीच पायांनी कापत नाही. तीन सोपवण्या म्हणजे तीनेक मीटर, जवळपास ०.३ सेकंद. पॅरिस २०२४ मध्ये सुवर्ण-रौप्य याहून कमी फरकाने ठरलं : अमेरिका ४१.७८ आणि ब्रिटन ४१.८५, फरक ०.०७ चा. या अंतराला ‘हातांमधलं अंतर’ म्हणावं. ‘फुकटचं अंतर’ म्हटलं तर ते न कमावता मिळाल्यासारखं वाटतं, आणि हात ताणून नेमक्या क्षणी देण्यासाठी तर सगळा सराव असतो.

अक्षरओळ

‘विजयी चौकडी’ऐवजी ‘चौघी’ लिहा, एवढी विनंती. ‘चांडाळचौकडी’ची सावली नको. ‘चौघींनी सुवर्ण जिंकलं’ म्हटलं की महिला संघ हे वेगळं सांगावं लागत नाही.

धावती टीप

घेतलं. एकच उरलं. आक्षेप मान्य झाल्यावर त्याच संध्याकाळी अमेरिकेच्या चौघी रिकाम्या ट्रॅकवर एकट्याच धावल्या. त्याला ‘पुन्हा शर्यत’ म्हणू?

चुन्याची रेषा

शर्यत म्हटलं की प्रतिस्पर्धी हवा. इथे लढत फक्त घड्याळाशी होती : अंतिम फेरीची शेवटची जागा मिळालेल्या चीनच्या ४२.७० पेक्षा कमी वेळ हवा होता, आणि ४१.७७ लागले. ‘फेरमतदान’, ‘फेरतपासणी’ यांसारखा ‘फेरधाव’ लिहा. त्यामुळे चीन बाहेर गेला, आणि दुसऱ्या दिवशी अंतिम शर्यतीत अमेरिकेने पहिल्या लेनमधून ४१.०१ मध्ये सुवर्ण घेतलं. पहिली लेनही लेखात नोंदवा. तिथे वळण सर्वांत आवळ असतं.