चर्चा लाइव्ह चित्रांतून नोंदवायची आहे, कागद की आयपॅड?

आयोजक_बिचारा:
मंडळी, विद्यापीठात इनोव्हेशनचा कार्यक्रम आहे, पॅनेल, राउंड टेबल सगळं आहे, आणि दरवेळचा जाडजूड रिपोर्ट कोणी उघडतसुद्धा नाही म्हणून यंदा चर्चा चालू असतानाच कोणीतरी ती चित्रांत उतरवावी असं चाललंय. कागदावर की आयपॅडवर? आणि फाइन आर्टची मुलं चालतील का?

रेघोट्या:
मी हेच काम करते. मुलं चालतील, पण निवडताना हात बघू नका, कान बघा. यूट्यूबवर एखादं भाषण लावा, पॉज न करता काढायला सांगा, काय सोडून द्यायचं हे ज्याला कळतं तो घ्या. बाकी मी कागदच म्हणेन, मोठा फोम बोर्ड, कारण ब्रेकमध्ये लोक त्याच्यापाशी जमतात आणि "अहो मी असं म्हणालोच नव्हतो" हेही तिथेच सांगतात, ती दुरुस्ती सोन्यासारखी. आयपॅडवर प्रोक्रिएट या चित्रं काढायच्या अ‍ॅपमध्ये टाइमलॅप्स (चित्र कसं घडत गेलं त्याचा वेगवान व्हिडिओ) आपोआप मिळतो, खोडणं सोपं, हे खरं, पण ते मोठ्या स्क्रीनवर सतत दाखवलंत तर वक्त्याकडे कोणी बघत नाही.

वक्त्यांची नावं नीट स्पेलिंगसकट, शॉर्टफॉर्मची यादी आणि अजेंडा आधी द्या, आवाज स्वच्छ येईल अशी जागा द्या. एकाच वेळी दोन हॉल असतील तर दोन माणसं, यात काटकसर नको.

खडूस_काका:
दिसायला झकास, पण हे मिनिट्स, म्हणजे बैठकीचं इतिवृत्त, नव्हेत. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोकडे डेव्हिड सिबेट वगैरे मंडळी हे करायला लागली तेव्हा मुद्दा होता की ग्रुपला आपलंच बोलणं समोर दिसावं. काय ठरलं, कोण करणार, हे लिहायला वेगळा माणूस लागतोच.

पेटंटवाली:
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. राउंड टेबलवर कोणी प्रोफेसर आपली नवीन आयडिया कशी चालते ते सांगून बसले, तुम्ही ते चित्र संध्याकाळी सोशल मीडियावर टाकलंत आणि पेटंटचा अर्ज अजून गेलेला नाही, तर आयडिया आधीच जाहीर झाली असं धरलं जाऊन पेटंट हातचं जाऊ शकतं. अमेरिकेत आयडिया स्वतःच जाहीर केली तर अर्ज करायला एक वर्षाची सवलत आहे, युरोपात जवळपास नाहीच. त्यामुळे कुठलं सत्र काढायचं नाही हे आधी ठरवा आणि टाकण्याआधी वक्त्याला दाखवा. चर्चा चॅथम हाउस नियमाने (म्हणजे ऐकलेलं वापरा, पण कोण बोललं ते सांगायचं नाही) असेल तर चेहरे आणि नावं अजिबात नकोत, ओळखू येईल असं व्यंगचित्र पण नाही. चित्राचे हक्क कोणाकडे तेही लेखी घ्या.

आयोजक_बिचारा:
बापरे, पेटंटचं डोक्यातच नव्हतं, आजच आमच्या ऑफिसात विचारतो. कागद फिक्स. बोर्ड भिंतीला टेकवून चालेल ना?

रेघोट्या:
नाही हो, स्टँडच आणा. खालचा अर्धा भाग गुडघ्यावर बसून काढायला लावाल तर तासाभरात चित्रकार पळेल.