केमो चालू असताना ताप: सोमवारपर्यंत थांबू नका

बाबांना पिवळा कफ आणि कणकण आहे, क्रोसिन देऊन सोमवारपर्यंत थांबू का, असं विचारलंत. नाही. केमोनंतर (कॅन्सरवरची केमोथेरपी) साधारण 7 ते 14 दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, तेव्हा 100.4 फॅरनहाइट ताप म्हणजे मध्यरात्रीही इमर्जन्सी. आधी ताप मोजा, गोळीने तो झाकला जातो. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), छातीचा एक्स-रे आणि अँटिबायोटिकआधी रक्ता-कफाचं कल्चर (कोणते जंतू आहेत ते पाहणारी तपासणी) करा, पण त्यापायी औषध अडवू नका. ओल्या खोकल्याला खोकला दाबणारं सिरप मनाने नको. इंदूरची गेर (रंगपंचमीची मिरवणूक) यंदा टीव्हीवरच. गुलालाची धूळ आणि ती गर्दी, दोन्ही वाईट. गेल्या सहा महिन्यांत छातीला रेडिएशन किंवा इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) झाली असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा: या उपचारांनी येणारी फुफ्फुसाची सूज अगदी न्यूमोनियासारखी दिसते, पण अँटिबायोटिकला दाद देत नाही, बहुधा स्टेरॉइड लागतं.