डेटा वाचवणारी प्रॉक्सी कोणती घ्यावी? (लॅपटॉप + हॉटस्पॉट)

जुळे_सोलापूर:
घरी ब्रॉडबँड नाही. माझ्या फोनवर रोजचा दीड जीबीचा पॅक आहे, त्याच्याच हॉटस्पॉटवर धाकटी बहीण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. दुपारीच डेटा संपतो आणि संध्याकाळचं लेक्चर बुडतं. पूर्वी क्रोममध्ये डेटा सेव्हर होता, आता दिसत नाही. तशी एखादी प्रॉक्सी सुचवा, फुकट असेल तर बरं.

सात_रस्ता:
ऑपेरा मिनी ब्राउझर टाका. फोनवर मी तेच वापरतो, बातम्या लै झटकन उघडतात.

अक्कलकोट_रोड:
ताई, क्रोमची ती सोय गूगलने 2022 मध्ये काढून टाकली. अशी प्रॉक्सी आपण मागितलेलं पान आधी स्वतःच्या सर्व्हरवर घेते, फोटो वेबपीमध्ये (कमी जागा घेणाऱ्या फॉरमॅटमध्ये) बारीक करते आणि मग आपल्याकडे पाठवते. पण आता जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे साइट आणि आपला ब्राउझर यांच्यातला मजकूर कुलूपबंद जातो. तो मजकूर मधल्या सर्व्हरला वाचताच येत नाही, तर दाबणार कसा? ऑपेरा मिनीच्या एक्स्ट्रीम मोडला जमतं, कारण तिथे पान त्यांचा सर्व्हरच उघडतो. म्हणून त्या मोडमध्ये बँकेचं काम अजिबात करू नका.

‘डेटा वाचवा’ म्हणणाऱ्या अनोळखी फुकट ॲपपासूनही लांब राहा, सगळी ये-जा त्यांच्या हातून होते. फेसबुकने 2013 मध्ये घेतलेल्या ओनाव्हो कंपनीच्या व्हीपीएनमधून (आपलं इंटरनेट त्यांच्या सर्व्हरवरून नेणाऱ्या ॲपमधून) लोक कोणती ॲप वापरतात याची माहिती गोळा होत होती.

आणि खरं सांगायचं तर तुमचा डेटा पानं वाचून संपत नसणार. लेक्चरचा व्हिडिओ आधीच कॉम्प्रेस केलेला असतो, प्रॉक्सी त्यात फारसं काही वाचवत नाही. लॅपटॉपवर विंडोज असेल तर हॉटस्पॉटच्या वाय-फाय प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा, म्हणजे विंडोज मागच्या मागे डेटा कमी खाईल. तिथेच ‘डेटा युसेज’मध्ये कोण किती खातंय तेही दिसेल.

होटगी_रोड:
फायरफॉक्स ब्राउझरला यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन जोडा. जाहिराती जातातच, शिवाय ठरावीक आकारापेक्षा मोठे फोटो अडवायची सोय आहे. हवा तो फोटो क्लिक करून बघता येतो.

जुळे_सोलापूर:
डेटा युसेज पाहिलं. वर ‘सिस्टिम’ आहे, त्याखाली ब्राउझर. मीटर्ड केलं. आता लेक्चर 144 वर लावलं तर फळ्यावरचं वाचता येत नाही, काय करावं?

अक्कलकोट_रोड:
360 ठेवा. नकाशा किंवा आकडेमोड आली की तेवढ्यापुरतं 480. आणि ‘सिस्टिम’ म्हणजे बहुतेक अपडेटच उतरत असणार. ते अपडेट कायमचे अडवू नका, सुरक्षेचे असतात. महिन्यातून एकदा कुणाकडे ब्रॉडबँड असेल तिथे लॅपटॉप नेऊन उतरवून घ्या.