मामा 'साहेब' म्हणतात आणि मला कानकोंडं होतं

शिरोलीकर:
शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मेल्टिंग इनचार्ज झालोय. मेकॅनिकल डिप्लोमा, वय ३१. हाताखालचे मामा मी शाळेत होतो तेव्हापासून भट्टीवर आहेत. धातूच्या रंगावरून टेंपरेचर सांगतात, पायरोमीटर जवळपास तेच दाखवतो. ते 'साहेब' म्हणाले की पोटात गोळा येतो. एक दिवस सगळ्यांना कळणार, ह्याला काही येत नाही. रिजेक्शन, म्हणजे खराब निघणारा माल, उतरलं म्हणून मालकांनी कौतुक केलं, तेही नशिबानंच झालं असं वाटतं. यातून कोण बाहेर पडलंय का?

जुना_उद्यमनगरवाला:
भावा, रंग ओळखणं मामांचं काम, त्यात त्यांच्याशी बरोबरी कशाला? इनॉक्युलंट, म्हणजे माल चांगला यावा म्हणून वितळलेल्या धातूत टाकायचा मसाला, टाकून १०-१५ मिनिटं गेली की असर उतरायला लागतो. मोल्ड अजून लागले नाहीत. माल ओतायचा की परत भट्टीत घ्यायचा? त्या वेळी सगळे तुझ्याकडं बघतात. ते ठरवायलाच तुला बसवलंय.
मी इनचार्ज असताना शिफ्ट सुरू होतानाच सगळ्यांसमोर विचारायचो, "मामा, आजचं स्क्रॅप कसं वाटतंय?" त्यानं मान कधी गेला नाही. न विचारता रेटणारा मात्र पोरं लगेच ओळखतात. आणि हिट, म्हणजे भट्टीतला एका वेळचा धातू, बिघडली तर मालकापुढं मी उभा राहायचो, मामांना पुढं करायचो नाही. माझ्या मते इनचार्जपण तिथं कळतं.

करवीरची_ताई:
मी गावच्या महिला दूध संस्थेची चेअरमन. सुरुवातीला ठरावावर सही करताना मलाही हेच वाटायचं. पॉलिन क्लान्स आणि सुझान इम्स या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये यावर लिहिलंय, तेही शिकलेल्या, कर्तबगार बायकांबद्दल. पदवी, बढती सगळं हातात, तरी यश नशिबाचंच वाटायचं. हा काही आजार म्हणून नोंदलेला नाही, घाबरू नका.
नशीब म्हणताय, तर रिजेक्शन उतरलं त्या महिन्यात तुम्ही नेमकं काय बदललं होतं ते इथंच लिहा बघू.

शिरोलीकर:
ताई, गंजलेलं स्क्रॅप बाजूला काढायला लावलं. लॅडल, म्हणजे धातू ओतायचं भांडं, नीट तापल्याशिवाय धातू घ्यायचा नाही म्हणून सांगितलं, कारण अस्तरात ओल राहिली की गॅस धरतो. ब्लोहोल, म्हणजे मालात गॅसनं पडणारी भोकं, त्यानंतर कमी झाले.

करवीरची_ताई:
मग यात नशीब कुठं आलं? वहीत तारखेसकट लिहून ठेवा.

शिरोलीकर:
लिहितो. उद्या मामांना विचारतोही. मालक शेजारी उभे असले तरी विचारू?

जुना_उद्यमनगरवाला:
विचार की. त्यांनाही ऐकू दे.