वेबसाइट परत बंद! (सोसायटी ग्रुप, शनिवार संध्याकाळ)

[६:१२] कुलकर्णी काका ए-२०४: सेक्रेटरीसाहेब, वार्षिक सभेच्या नोटिशीत लिहिलंय, "हिशेबपत्रके संस्थेच्या वेबसाइटवर पाहावीत". पाहायला गेलो. पांढरं पान आणि इंग्रजीत एक ओळ, खातं स्थगित. मे महिन्यातही हेच झालं होतं. नोटीस १४ पूर्ण दिवसांची लागते. कागदच दिसत नसतील तर दिवस मोजायचे कुठून?

[६:१५] राणे बी-५०२: काका, हिशेबही स्थगित समजा 😄

[६:१९] सेक्रेटरी पाटील: नमस्कार. होस्टिंगची, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवली आहे त्या भाड्याच्या जागेची, मुदत संपली आहे. कालच्या कमिटी मीटिंगमध्ये विषय होता, पण पाण्याच्या टाकीतच सव्वा तास गेला.

[६:२०] राणे बी-५०२: टाकीत सव्वा तास? बाहेर कोणी काढलं?

[६:२१] फडके मॅडम सी-१०१: डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे?

[६:२४] म्हात्रे वहिनी खजिनदार: या वर्षीचं बिल माझ्याकडे आलेलंच नाही. बिलाशिवाय मी चेक काढत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

[६:२५] मोरे सी-६०२: गणपतीच्या डेकोरेशनला बरे निघतात.

[६:२६] म्हात्रे वहिनी खजिनदार: मोरे भाऊ, ती बिलं फाइलला लावलेली आहेत. ऑफिसात या, दाखवते. येताना मेंटेनन्सचा चेकही आणा.

[६:२७] मोरे सी-६०२: हा मेसेज डिलीट करण्यात आला

[६:३१] जाधव ए-६०३: एवढं काय त्यात. मी आत्ता बघितलं, एके ठिकाणी महिना फक्त ७९ रुपये. अनलिमिटेड सगळं. वर डोमेन फुकट. आत्ता लगेच घेऊन टाका, ऑफर रात्री बारापर्यंत आहे, घड्याळ चालू आहे तिथे.

[६:३३] राणे बी-५०२: ते घड्याळ आमच्या मिसेसने दिवाळीपासून चालू असलेलं पाहिलंय.

[६:३८] सावंत दादा बी-७०१: जाधव साहेब, त्या ७९ वर क्लिक करून पुढे जा. तो दर चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच आहे. ७९ गुणिले ४८ म्हणजे ३,७९२, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ४,४७५. एकच वर्ष घ्यायला गेलात की महिन्याचा दर बदलतो. आणि खाली बारीक अक्षरात रिन्यूअल महिना २९९. म्हणजे पाचव्या वर्षापासून वर्षाला जीएसटी धरून ४,२३४. चार वर्षांना जेवढे दिले, जवळजवळ तेवढेच पुढे एका वर्षाला. फुकट डोमेनही पहिल्याच वर्षापुरतं.

[६:४०] जाधव ए-६०३: तरी ९६ फ्लॅटना भागा. घरटी ४७ रुपये, तेही चार वर्षांसाठी. दोन वडापाव आणि एक चहा.

[६:४१] कुलकर्णी काका ए-२०४: प्रश्न ४७ रुपयांचा नाही. प्रश्न असा की कोणी भरायचे हे कोणालाच माहीत नाही.

[६:४२] फडके मॅडम सी-१०१: म्हणूनच विचारते आहे. डोमेन कोणाच्या नावावर आहे?

[६:४६] देसाई ए-३०१: 🌹 शुभ संध्या 🌹 जो वेळ निघून गेला तो परत येत नाही, जो माणूस मनात बसला तो निघून जात नाही.

[६:४७] राणे बी-५०२: आणि जी वेबसाइट गेली ती दोन्ही करत नाही.

[६:५२] थॉमस बी-२०३: मुळात वेबसाइट हवी कशाला? गेटवरच्या अ‍ॅपमध्ये नोटीस बोर्ड आहे ना.

[६:५५] सेक्रेटरी पाटील: थॉमस सर, अ‍ॅप बदललं की त्यातलं सगळं जातं. मागचं अ‍ॅप सोडलं तेव्हा तीन वर्षांच्या तक्रारी गेल्या, आठवत असेल.

[६:५६] राणे बी-५०२: ते बरंच झालं.

[७:०१] सावंत दादा बी-७०१: वेबसाइट ठेवावी असं माझं मत. ट्रान्सफरचे फॉर्म, नॉमिनेशनचा फॉर्म, उपविधी, इतिवृत्तं. बाहेरगावी राहणारे बारा-तेरा सभासद आहेत, त्यांना तेवढाच आधार. पण आपल्याला लागतं किती? सगळ्या पीडीएफ मिळून ३०० एमबीसुद्धा नाहीत. दिवसाला दहा माणसं उघडत असतील. एवढ्याला सगळ्यात लहान शेअर्ड होस्टिंग पुरे, एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात ते. व्हीपीएस, म्हणजे सर्व्हरचा स्वतंत्र भाग, वगैरे कोणी गळ्यात मारायला आलं तर घेऊ नका. तो म्हणजे रिकामा बंगला भाड्याने घेतल्यासारखा, झाडलोटही आपणच करायची.

[७:०३] जाधव ए-६०३: माझा मेहुणा हेच काम करतो. ५०,००० मध्ये नवीन वेबसाइट, अ‍ॅपसकट. घरचा माणूस आहे.

[७:०४] मोरे सी-६०२: आलं बाहेर.

[७:०५] जाधव ए-६०३: बाहेर काय आलं? सांगायचं पण नाही का? राहिलं, मी काही बोलतच नाही.

[७:१०] थॉमस बी-२०३: माझ्या मुलीने कॉलेजची साइट गिटहब नावाच्या सेवेवर फुकट ठेवली आहे. एक रुपया नाही.

[७:१६] सावंत दादा बी-७०१: गिटहब पेजेस चांगलं आहे. साइटला १ जीबीची मर्यादा, आपण त्यात आरामात बसतो. पण फुकटच्या खात्यात रिपॉझिटरी, म्हणजे फाइलींचा साठा, पब्लिक ठेवावी लागते, म्हणजे त्यात टाकलेला प्रत्येक कागद जगाला उघडा. फॉर्म ठीक आहेत. थकबाकीची यादी आणि इतिवृत्तं तिथे नकोत.

[७:१८] मोरे सी-६०२: थकबाकीची यादी कुठेच नको. गेल्या वर्षी माझं नाव गूगलवर येत होतं. माझ्या मुलीच्या सासरच्यांनी पाहिलं. ही कुठली पद्धत? डेटा संरक्षणाचा कायदा झालाय २०२३ मध्ये.

[७:१९] म्हात्रे वहिनी खजिनदार: आपल्या उपविधीत थकबाकीवर व्याज २१ टक्क्यांपर्यंत लावता येतं. तुमच्याकडून अजून सरळ १२ ने घेतो.

[७:२०] मोरे सी-६०२: उपकार झाले. गळती कोण बघणार? माझ्या बेडरूमच्या भिंतीवर नकाशा उमटलाय.

[७:२१] राणे बी-५०२: कुठल्या देशाचा?

[७:२३] सेक्रेटरी पाटील: कृपया गळतीचा विषय वेगळा ठेवावा 🙏 यादी वेबसाइटवर टाकणं चुकलंच. ती साइट चालू झाल्याबरोबर काढू. मोरे साहेब, तेवढं मान्य.

[७:२५] फडके मॅडम सी-१०१: डोमेन कोणाच्या नावावर आहे? चौथ्यांदा विचारते आहे. बत्तीस वर्षं बँकेत होते, खातं कोणाचं ते आधी बघतात, शिल्लक नंतर.

[७:२६] राणे बी-५०२: तिसऱ्यांदा, मॅडम.

[७:३१] नाईक साहेब माजी सेक्रेटरी: एवढा वेळ वाचत होतो. २०२१ मध्ये लॉकडाउन होता. कोणी फोन उचलत नव्हतं. तेव्हा आमच्या मुलाने पदरच्या पैशाने डॉट इन घेतलं, रात्री जागून साइट केली. एक पैसा मागितला नाही. आज "कोणाच्या नावावर" असं विचारलं जातंय, जणू आम्ही जमीन लाटली.

[७:३२] फडके मॅडम सी-१०१: नाईक साहेब, कोणी तसं म्हटलं नाही. मुलाचं कौतुक आहे. पण म्हणजे नाव मुलाचं?

[७:३४] नाईक साहेब माजी सेक्रेटरी: हो. ईमेलही त्याचाच. तो आता डब्लिनला असतो.

[७:३५] कुलकर्णी काका ए-२०४: म्हणजे पैसे भरा, पैसे भरा असे मेल तिकडे जात होते आणि आम्ही इकडे पांढरं पान बघत होतो.

[७:४१] सावंत दादा बी-७०१: थांबा, घाबरू नका. "खातं स्थगित" असं पान दिसतंय याचा अर्थ डोमेन अजून जिवंत आहे. पत्ता चालू आहे, घर बंद आहे. दोन्हींची मुदत वेगळी असते. होस्टिंग कुठूनही घेता येतं. पत्ता गेला तर मात्र अवघड. आधी थोडे दिवस सवलतीचे, मग रिडेम्प्शनचे ३० दिवस, त्यात सोडवून घ्यायला नेहमीच्या दराच्या कितीतरी पट पैसे. त्यानंतर कोणीही उचलावं. आणि उचलतात. मग आपल्या नोटिशीवरच्या पत्त्यावर रमीची जाहिरात.

[७:४२] राणे बी-५०२: तेव्हा तरी सभेला गर्दी होईल.

[७:४३] राणे बी-५०२: नाहीतर नवीनच घेऊ. डॉट भारत. अस्मिता!

[७:४५] सावंत दादा बी-७०१: मिळतं, २०१४ पासून आहे. पण तुम्ही रोज कीबोर्ड बदलून देवनागरीत पत्ता टाइप करणार का?

[७:४६] राणे बी-५०२: मी रोमनमध्येही करत नाही.

[७:५०] नाईक साहेब माजी सेक्रेटरी: मुलाला ग्रुपमध्ये घेतलंय. तो ऑफिसात... नाही, आज शनिवार. घरीच आहे.

[७:५८] नाईकांचा मुलगा डब्लिन: सगळ्यांना नमस्कार. सॉरी, ते जुनं जीमेल मी आठवड्यातून एकदाही बघत नाही. आत्ता बघितलं. होस्टिंग संपून १९ दिवस झाले, ३० दिवसांनी फाइली काढून टाकू असा मेल आहे. डोमेन नऊ दिवसांनी संपतंय.

[७:५९] फडके मॅडम सी-१०१: नऊ दिवस.

[८:०४] नाईकांचा मुलगा डब्लिन: डोमेन मी आत्ताच एका वर्षासाठी भरून टाकतो, सातशे-आठशे रुपये आहेत. पण होस्टिंगवाल्यांचं रिन्यूअल पहिल्या वेळच्या तिपटीहून जास्त आहे. तिथे राहू नका. गेल्या मे मध्येही साइट दीड दिवस बंद होती, तक्रारीच्या तिकिटाला उत्तर काय, तर "आमच्याकडून चालू आहे".

[८:०७] कुलकर्णी काका ए-२०४: पण जाहिरातीत तर साइट चालू राहण्याची ९९.९ टक्के खात्री म्हणतात.

[८:१०] सावंत दादा बी-७०१: काका, ९९.९ धरलं तरी वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायला मोकळीक आहे. आणि त्याहून जास्त बंद राहिली तर भरपाई काय, पुढच्या बिलात थोडी सूट. म्हणून तो आकडा बघून घेऊ नये. मी तीन गोष्टी बघतो. मदतीला फोन किंवा चॅटवर माणूस येतो का, तेही रविवारी रात्री. पैसे द्यायच्या आधीच एकदा विचारून बघायचं. सर्व्हर मुंबईत किंवा निदान भारतात आहे का. आणि बॅकअप रोज घेतात का, तो आपल्याला उतरवून घेता येतो का. एसएसएलचे, म्हणजे साइटशी जोडणी सुरक्षित करणाऱ्या प्रमाणपत्राचे, वेगळे पैसे मागणाऱ्याला तर नमस्कारच करावा, लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट असतं.

[८:१२] थॉमस बी-२०३: बॅकअप ते घेतातच ना?

[८:१५] सावंत दादा बी-७०१: फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला १० मार्च २०२१ ला मध्यरात्रीनंतर ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं अख्खं डेटा सेंटर जळलं. मोठी कंपनी. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचं दोन्ही गेलं. तेव्हा मी ऐरोलीला शिफ्टवर होतो, आमच्या एका क्लायंटची झोप उडाली होती. एक प्रत आपल्या पेनड्राइव्हवर, ऑफिसच्या कपाटात. बस.

[८:१६] मोरे सी-६०२: कपाटाची किल्ली कोणाकडे असते ते कोणी सांगेल का? मला नो ड्यूजच्या दाखल्यासाठी तीन आठवड्यांपासून हवी आहे.

[८:१७] म्हात्रे वहिनी खजिनदार: नो ड्यूज ड्यूज भरल्यावर मिळतं.

[८:२२] नाईकांचा मुलगा डब्लिन: माझ्या लॅपटॉपवर मार्चपर्यंतचा बॅकअप आहे. जुन्या कंपनीला पैसे देऊन फाइली सोडवायची गरज नाही.

[८:२४] म्हात्रे वहिनी खजिनदार: मार्चनंतरची हिशेबपत्रकं आणि इतिवृत्तं माझ्याकडे आहेत.

[८:२५] कुलकर्णी काका ए-२०४: तुमच्याकडे आहेत?? मग दोन तास आपण काय करतोय? इथे टाका की.

[८:२७] म्हात्रे वहिनी खजिनदार: ग्रुपमध्ये भाडेकरूही आहेत, काका. आणि तुम्ही वेबसाइटविषयी विचारलंत. हिशेब मागितले असते तर दिले असते. वैयक्तिक पाठवते.

[८:३४] सेक्रेटरी पाटील: मग ठरवू या. सावंत दादा, तुम्ही सुचवाल तिथे एक वर्षाचं घेऊ. चार वर्षांचं एकदम नको.

[८:३८] सावंत दादा बी-७०१: बरोबर. रिन्यूअलचा दर आधीच सांगणारं एक आहे, वर्षाला जीएसटीसकट अडीच हजाराच्या आत बसेल. पहिल्या वर्षी जाहिरातीपेक्षा महाग, दुसऱ्या वर्षी स्वस्त. डोमेन हलवायची घाई नको, फक्त नेमसर्व्हर, म्हणजे हा पत्ता कुठल्या होस्टिंगकडे न्यायचा ती नोंद, बदलायचे, ते पाच मिनिटांचं काम. सगळीकडे दिसायला एखादा दिवस लागेल. पुढे डोमेन संस्थेच्या खात्यात घ्यायचं.

[८:३९] जाधव ए-६०३: जाहिरातीपेक्षा महाग घेताय म्हणजे कमालच आहे. असो, मी बोलत नाही.

[८:४०] राणे बी-५०२: हे तुमचं न बोलण्यातलं दुसरं वाक्य.

[८:४३] फडके मॅडम सी-१०१: बिल संस्थेच्या नावाने, पैसे संस्थेच्या खात्यातून, आणि रिन्यूअलचे मेल संस्थेच्या ईमेलवर. तिन्ही इतिवृत्तात यावं.

[८:४४] सेक्रेटरी पाटील: नक्की, मॅडम 🙏

[८:५१] सावंत दादा बी-७०१: पाटील सर, संस्थेच्या ईमेलमध्ये लॉगिन करतोय. पासवर्ड चालला. ओटीपी मागतंय, शेवटचे दोन आकडे ४७. कोणाचा नंबर?

[८:५५] सेक्रेटरी पाटील: माझा नाही.

[८:५६] म्हात्रे वहिनी खजिनदार: माझा नाही.

[८:५८] नाईक साहेब माजी सेक्रेटरी: आमच्याकडे बघू नका. आमचा ८० आहे.

[९:०३] कुलकर्णी काका ए-२०४: बी-४०१ चे आधीचे चेअरमन. फ्लॅट विकून रत्नागिरीला गेले ते.

[९:०४] फडके मॅडम सी-१०१: त्यांचा नंबर कोणाकडे आहे?

[९:०९] फडके मॅडम सी-१०१: त्यांचा नंबर कोणाकडे आहे?

[९:१४] वॉचमन केबिन: सी विंगचा पंप चालू केला आहे. पाणी अर्धा तास येईल.