देश सोडून कायमचं जाण्याला नेमका शब्द कुठला?

नवखी: एक लेख भाषांतर करतेय, इमिग्रंट आणि एमिग्रंट दोन्हीला स्थलांतरित लिहिलं तर पार विचका होतोय, वेगळे शब्द आहेत का?

खवचट: आहेत की. देश सोडून जातो तो उत्प्रवासी, येतो तो आप्रवासी, माणूस एकच, तुम्ही दाराच्या कुठल्या बाजूला उभे आहात ते बघा. अर्थात बोलताना सगळे 'तिकडेच सेटल झाला' म्हणतात.

उनाड: स्थलांतर तर पक्षीपण करतात आणि परत येतात 😀 परागंदा मात्र नको, मूळ फारसीत पांगलेला असा अर्थ असला तरी मराठीत तोंड लपवून पळाल्यासारखं वाटतं. निर्वासितही वेगळा, संयुक्त राष्ट्रांच्या १९५१च्या निर्वासितांविषयीच्या करारात त्याला छळाची भीती ही अट आहे.

नवखी: अरे देवा, परागंदाच लिहिलं होतं, खोडते आधी.