ऑफिसातलं इंग्रजी की रणांगण?

वाटसरू:
कालच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, टार्गेट गाठा, कॅम्पेन अ‍ॅग्रेसिव्ह ठेवा, जाहिरातींचं कार्पेट बॉम्बिंग करा. 'ट्रेंचेसमध्ये' राबणाऱ्यांचं कौतुकही झालं. विषय काय, तर एक ॲप! इंग्रजीला ही लढाईची खुमखुमी कशाला? डेडलाइनच घ्या. अमेरिकी यादवी युद्धात, १८६४ साली, अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत कुंपणाच्या आत 'डेडलाइन' नावाची एक हद्द आखलेली होती. ती ओलांडणाऱ्याला पहारेकरी गोळी घालत. जवळजवळ १३,००० कैदी त्या छावणीत मेले, बहुतेक रोगराईनं आणि उपासमारीनं. आणि आपण स्मायली टाकून लिहितो, 'डेडलाइन शुक्रवार'. माझ्या मते असे शब्द टाळावेत.

शेंडेफळ:
असहमत. नदीचं मूळ नि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, त्यात शब्दही घाला. टार्गेट म्हणजे मुळात छोटी ढाल. स्लोगन ही स्कॉटिश गेलिकमधली सैन्याची आरोळी. 'फ्लॅश इन द पॅन'मधलं पॅन स्वयंपाकघरातलं नव्हे, जुन्या बंदुकीवरचं. रंजक, म्हणजे त्या पॅनमधली दारू, भपकन पेटायची, बार उडायचाच नाही. हे कुणाला आठवतं? रक्त केव्हाच वाळलंय.
(अवांतर: आपली 'चकमक' गारगोटीही आहे आणि छोटी लढाईही. तीही टाळायची का?)

भालदार:
मी फ्रीलान्सर, म्हणजे मुळात भाडोत्री भालाईत. बिल थकलं की शब्दाचं मूळ आपोआप आठवतं.

अर्धविराम:
डेडलाइनवर कशाला वाद घालताय? त्रास होतो तो 'बॅटलिंग कॅन्सर'चा. आईच्या आजारपणात सगळ्यांचे मेसेज यायचे, 'शी इज अ फायटर'. तिसऱ्या केमोनंतर ती म्हणाली, आता पुरे. माझ्या तोंडून पटकन निघालं, "हार मानू नकोस." तर म्हणते, "अगं, मी कुणाशी लढत नाहीये, दमलेय फक्त." लढाई म्हटलं की मरणारा हरलेलाच ठरतो. अमेरिकी लेखिका सुसान सोन्टॅगनं १९७८ सालीच यावर पुस्तक लिहिलंय. तिला स्वतःला कॅन्सर होऊन गेला होता.

शेंडेफळ:
वाचून गलबललं. पण माझे काका रेडिएशनला निघताना म्हणायचे, "चला, तोफा डागून येऊ." त्याच भाषेवर त्यांनी ते दिवस काढले. ती त्यांच्याकडून काढून घ्यायची?

अर्धविराम:
नाही. पण ते काकांचे स्वतःचे शब्द होते. आईला आम्ही न विचारता चिलखत चढवलं.

वाटसरू:
हे पटलं. डेडलाइन, स्लोगन वगैरेंवरून माघार घेतो. कार्पेट बॉम्बिंगवरून मात्र नाही. ते सोसलेली माणसं अजून हयात आहेत, तिथलं रक्त वाळलेलं नाही.

भालदार:
'माघार'? सापडलात!